कडुलिंबाचं तोरण

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. सोनपेठला आमच्या गल्लीत मला कुणी दरवाजा म्हणत नाही, कवाड म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. दोन जाड सागवानी फळ्या, पितळी कडी आणि वर नक्षीची पट्टी असा माझा थाट आहे. उजवी फळी गुमान उघडते. डावी कुरकुरते, आणि कुरकुरणं माझ्या स्वभावातच आहे असं लोक म्हणतात. ते खोटं नाही.

निजामाच्या राज्यात नागनाथ सुतारानं मला घडवलं. लाकूड आदिलाबादकडून आलं होतं. घरमालक किशनराव रोज येऊन विचारायचे, "नागनाथ, माझे दात पडल्यावर बसवायलास का कवाड?" नागनाथ मान वर न करता रंधा चालवत राहायचा. मला बसवलं त्या दिवशी गल्लीतला प्रत्येक माणूस माझ्यावरून हात फिरवून गेला. "कचेरीला बी असलं कवाड न्हाई," असं कुणीतरी म्हणालं. झालेलं कौतुक विसरण्याइतका मी साधा नाही, म्हणून तुम्हालाही सांगितलं.

आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. सकाळी झाडलोट झाली की दार उघडायचं ते निजायच्या वेळी लावायचं. शेजारीण आली की "हायेत का वं घरात?" असं विचारायची आणि विचारता विचारता आत येऊन बसायची. दिवसा कडी दिसली की समजावं, मंडळी गावाला गेली, नाहीतर घरात भांडण तरी पेटलं आहे. ही रीत पाळण्यात माझी पंचवीस-तीस वर्षं मजेत गेली.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले. गावोगाव बोअर पाडून हापसे बसवायला एका संस्थेनं परदेशातून यंत्रं आणली, आणि यंत्रांबरोबर माणसंही आली. किशनरावांनी हे घर त्यांच्यापैकी एका कुटुंबाला भाड्यानं दिलं. हॅरॉल्ड साहेब, त्यांची बायको डोरोथी आणि सहा वर्षांची मुलगी पेगी. तिघं थेट अमेरिकेहून आलेली. डोरोथी हे नाव गल्लीच्या जिभेला जड जायचं, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिची दुरपदाबाई झाली.

हॅरॉल्ड साहेब ताडमाड उंच. माझी चौकट बुटकी. पहिले पंधरा दिवस ते रोज माझ्यावर कपाळ आपटायचे आणि मला इंग्रजीत काहीतरी म्हणायचे. ते कौतुक नव्हतं, एवढं मला कळायचं. डोरोथी पाटावर बसून जेवायला शिकली. भाकरी थापायलाही शिकली, पण तिची भाकरी कधी गोल झाली नाही. डोक्यावर घागर घ्यायला गेली आणि नखशिखांत भिजली. दुष्काळात घागरभर पाणी असं सांडलं म्हणून ती ओट्यावर बसून रडली. बाई मनाची चांगली होती.

पण एका गोष्टीची तिला सवय होईना. गल्लीतल्या बाया न विचारता घरात येत. एकीनं पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला. दुसरी पेगीचे मक्याच्या तुऱ्यासारखे केस हातात धरून बघत बसली. डोरोथीच्या देशात असं कुणी करत नसावं. चौथ्या दिवशी तिनं भर दुपारी माझी कडी आतून लावली.

मित्रांनो, माझ्या जन्मात दिवसा माझी अशी कडी कधी लागली नव्हती. समोरच्या घरातली सरजाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. ती म्हणाली, "दिवसाढवळ्या कवाड लावून बसतेत, मानसाचा एवढा कंटाळा आलाय का?" तिनं येणं सोडलं, आणि तिचं बघून सगळ्यांनीच सोडलं. सरजाबाईचा शब्द गल्लीत चालायचा.

डोरोथीला आधी बरं वाटलं. मग महिना गेला, दुसरा गेला. साहेब दिवसभर बोअरवर असायचे. कडी रोज लागायची, पण ती लावून डोरोथी माझ्याच फळीला पाठ टेकून तास तास बसू लागली. पेगीनं मात्र तिचं तिचं बघितलं. माझ्या दोन फळ्यांत बोटभर फट आहे. सरजाबाईची नात मनकर्णा त्या फटीतून चिंचोके आत सरकवायची आणि पेगी बाहेर पेन्सिलींचे तुकडे सरकवायची. दोघी फटीला तोंड लावून तासन्‌तास बोलायच्या. एके दिवशी डोरोथीनं हे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं माझी कडी काढली, ती परत दिवसा लावली नाही. पण आता उघड्या दारातूनही कुणी येत नव्हतं.

यायचे ते फक्त गल्लीतले बन्सीधर गुरुजी. तेच डोरोथीला मराठी शिकवायचे. चैत्रात, पाडवा होऊन गेल्यावर, ती गुरुजींना माझ्याच उंबरठ्यावर उभी राहून म्हणाली, "गुरुजी, बुधवारी पेगीला सात वर्षे पूर्ण होतील. मी सर्व मुलांना बोलावणार. ती आली नाहीत, तर मी पेगीला घेऊन माझ्या देशात परत जाणार. इथे ती एकटी मोठी होणार नाही."

गुरुजी तिला घेऊन घरोघर फिरले. "येताव की! लेकराचा वाढदिवस हाय, न्हाई कोन म्हनंल?" असं सगळ्या बाया म्हणाल्या. सरजाबाईसुद्धा म्हणाली. गुरुजी समाधानानं शिक्षकांच्या शिबिराला परभणीला निघून गेले.

बुधवारी सकाळी डोरोथीनं मला सजवायला घेतलं. पाडव्याला तिनं दारोदार पानांची तोरणं पाहिली होती. एव्हाना आंब्याची पानं उन्हानं करपून गेली होती. परसातला कडुलिंब तेवढा कोवळ्या पालवीनं हिरवागार होता. गुढीला लोकांनी कडुलिंबाचा डहाळा बांधलेलाही तिनं बघितला होता. गुढीला चालतो तो दाराला का चालू नये? तिनं चांगले भरघोस डहाळे तोडले आणि सुतळीनं माझ्या चौकटीवर बांधले.

मी घाबरलो. आमच्याकडे दाराला कडुलिंब बांधला की त्याचा एकच अर्थ होतो. घरात कुणाला तरी देवी, गोवर किंवा कांजिण्या आल्या आहेत. परक्यानं उंबरठा ओलांडायचा नाही. घरात तळण नाही, फोडणी नाही. हे तिला सांगणार कोण? गुरुजी परभणीला. मी डावी फळी जीव खाऊन कुरकुरवली. डोरोथीनं काय करावं? आतून तेलाची बाटली आणून बिजागरीत चार थेंब सोडले. झालं! मूग गिळून बसण्याशिवाय मला गत्यंतर उरलं नाही.

दुपारभर ती स्टोव्हजवळ बसून मध्ये भोक पाडलेले गोड वडे तळत होती. रेशनची साखर तिनं दोन महिने साठवली होती. चार वाजता गल्लीतून लेकरं निघाली. अंघोळी केलेली, केसांना तेल चोपडलेलं. मनकर्णाच्या वेणीला लाल रिबीन होती आणि मुठीत चिंचोके होते. सरजाबाईची नजर माझ्यावर गेली आणि तिनं नातीला जागच्या जागी धरलं.

"माघारी फिर, मने. आई आलीय त्या घरात."

देवी आली असं म्हणत नाहीत, आई आली म्हणतात. सगळ्या बाया थबकल्या. मला लांबूनच हात जोडून त्या लेकरांना घेऊन परतल्या. इतका नमस्कार मला जन्मात कुणी केला नव्हता, आणि कुठलाच नमस्कार मला इतका बोचला नव्हता.

पेगी नवा फ्रॉक घालून उंबरठ्यावर बसली होती. तिनं हात वर केला. मनकर्णानं आजीच्या पदराआडून पाहिलं आणि मान खाली घातली.

"मम्मी, मनी का येईना गं?" पेगीनं विचारलं. फटीतून शिकलेली तिची मराठी अशी अस्सल सोनपेठची होती.

डोरोथीनं स्टोव्ह विझवला, वड्यांवर फडकं टाकलं आणि आतून लोखंडी ट्रंक ओढत आणली. तिच्यात पेगीचे कपडे भरले, झाकण लावलं आणि माझ्याशेजारी त्या ट्रंकेवरच तोंड झाकून बसली. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती जाणार हे मला कळून चुकलं.

समोरच्या ओट्यावर सरजाबाईची घालमेल चालली होती. तळणाचा वास तिच्यापर्यंत गेला होता. "घरात आई आन् ही बया तळण करायली!" ती पुटपुटली. पण उठली नाही. मग तिला ट्रंकेवर बसलेली डोरोथी दिसली. सरजाबाई तटकन उठून आत गेली आणि ॲल्युमिनियमच्या ताटलीत दहीभात घेऊन बाहेर आली. तिची सून ओरडली, "आत्याबाई, जाऊ नगा! आपल्या घरात लेकरू हाय!"

"मी परत आल्यावर न्हाईन. तू लेकराला आत घे," सरजाबाई म्हणाली. तिनं चपला रस्त्यातच काढल्या आणि अनवाणी येऊन माझा उंबरठा ओलांडला.

तिनं ताटली डोरोथीच्या मांडीवर ठेवली. "जेव. सकाळधरून पोटात काई नसंल तुज्या. लेकराकडं मी बघते."

सरजाबाईनं पेगीला हात जोडले. "आई, लेकराला लय ताप देऊ नगं," असं म्हणत तिनं पेगीच्या बाह्या वर केल्या, पाठ बघितली, कपाळाला हात लावला. अंग थंड. एक फोड नाही.

"हिच्या अंगावर तर काईच न्हाई! मग लिंब कशाला बांधलास गं?"

डोरोथीनं वर बोट केलं. शब्द शोधत शोधत ती म्हणाली, "तोरण. मुलांच्या स्वागतासाठी."

सरजाबाईनं तोरणाकडे पाहिलं. फडक्याखालच्या वड्यांकडे पाहिलं. ट्रंकेकडे पाहिलं. मग ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. उठून तिनं कडुलिंबाचे डहाळे ओरबाडून काढले आणि गल्लीत आरोळी ठोकली, "ए मने! ए लक्ष्मीबाई! या गं समद्या! कुनाला काई झालं न्हाई. सोयऱ्याला बांधत्यात तसं तोरण बांधलंय बिचारीनं!"

मग जी लेकरं आली, ती आलीच. भोकाचे वडे बोटांत अंगठीसारखे घालून सगळ्या घरभर नाचली. साहेब संध्याकाळी धुळीनं माखून आले तर उंबरठ्यावर चपलांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. ते खाली बघत आले आणि त्यांनी पुन्हा माझ्यावर कपाळ आपटलं. सगळी गल्ली पोट धरून हसली. मीही.

ट्रंक मात्र रिकामी झाली नाही. डोरोथी हसली, बोलली, पण बाया गेल्यावर पुन्हा त्या ट्रंकेजवळ उभी राहिली. आपल्या हातून नकळत आणखी किती चुका होतील, हीच भीती तिच्या मनात असावी. दोन दिवस ती ट्रंक माझ्याशेजारी तशीच भरलेली होती. तिसऱ्या दिवशी गुरुजी परत आले. त्यांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारून घेतला आणि दाराला कडुलिंब बांधण्याचा अर्थ डोरोथीला समजावला. तशी तिनं त्यांना सरजाबाईच्या ओट्यापाशी नेलं आणि म्हणाली, "गुरुजी, यांना विचारा. घरात रोग आहे असे वाटत होते, तरी या का आल्या? आणि भात मला का दिला? त्यांच्या समजुतीने आजारी तर पेगी होती ना?"

सरजाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"निजाम गेला त्या पोलिस ॲक्शनच्या आदल्या साली माज्या कुसुमला देवी आल्या, गुरुजी. तीन वर्साची होती. आमच्या कवाडाला लिंब बांधला. बारा दिवस मी तिला मांडीवर घेऊन बसले. बाराव्या दिवशी गेली. गल्लीनं रीत पाळली, माजा कुनावर राग न्हाई. पन त्या बारा दिवसांत, सरजे, तू जेवलीस का, असं उंबऱ्याभाईरून बी कुनी पुसलं न्हाई. लिंब लेकरासाठी बांधत्यात. मायीकडं कुनी बघायचं?"

ते बारा दिवस मी समोरून पाहिले होते. मी दरवाजा, मला जाता येत नव्हतं.

गुरुजी इंग्रजीत सांगायला लागले, पण त्याची गरज नव्हती. डोरोथीला जेवढं समजायचं तेवढं समजलं होतं. ती सरजाबाईशेजारी ओट्यावर बसली आणि तिनं तिचा हात धरला. मग डोरोथी उठून घरी आली, तिनं ट्रंक उघडली आणि पेगीचा एकेक फ्रॉक काढून खुंटीवर टांगला.

ते कुटुंब पुढे दोन वर्षं सोनपेठला राहिलं आणि हापसे बसवून झाल्यावरच गेलं. त्यानंतर या घराला भाडेकरू मिळाला नाही. आता माझ्यावर कुलूप आहे, खालच्या कडेला वाळवी लागली आहे आणि बिजागरीत कुणी तेल सोडत नाही. वर्षातून एकदा तरी पुसावं, तेलपाणी करावं, एवढी माझी अपेक्षा आहे, आणि ती काही फार नाही.

पण त्याहून मोठं मागणं आहे, ते ऐका. तुमच्या गल्लीत एखादं दार दिवसाही लावलेलं दिसेल. कुठं आजारपण असेल, कुठं दुःख असेल, कुठं नुसती परकी माणसं घाबरून बसलेली असतील. आत जाता येत नसेल तर जाऊ नका. पण बाहेर उभं राहून, आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, जेवलीस का म्हणून विचारा.