दुसरी रेघ

"किटच खराब आलंय," असं पुटपुटत लॅबवाल्या ताईंनी खोक्यातलं दुसरं किट फोडलं.

वर्षातून एकदा सिफिलिसच्या तपासणीची नवी किटं आली की ताई आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचत. निरोगी रक्तावर एकच रेघ उमटली की किट चांगलं. दवाखान्यात सगळे थट्टा करत, "ताईंचं रक्त म्हणजे उकळून गाळलेलं पाणी!" ताईही हसत. नवऱ्यापायी आजार घेऊन आलेल्या बायका समोर रडायच्या. त्यांची समजूत घालताना ताईंना मनातून जरा बरंच वाटायचं, आपलं तसं नाही म्हणून.

दुसऱ्या किटवरही दोन रेघा आल्या.

ताई दोन्ही किटं घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी दंडातून रक्त घेऊन पुढची तपासणी केली. तिचाही निकाल तोच आला.

"घाबरू नका ताई. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी पूर्ण बरं होतं हे," बाई म्हणाल्या. "पण मिस्टरांना बोलवा. त्यांचीही तपासणी व्हायलाच हवी."

हे वाक्य ताईंनी स्वतः कितीतरी बायकांना ऐकवलं होतं. आज ते ऐकताना त्यांची कानशिलं तापली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. साधासुधा, कामावरून थेट घरी येणारा, कधी आवाज न चढवणारा. ताईंनी फोन लावला.

"अहो, माझी एक तपासणी केली... त्यात..."

पलीकडून हलक्या आवाजात प्रश्न आला, "तुलाही झालं?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"मागच्या वर्षी मी इंजेक्शनं घेतली. दुसरीकडे जाऊन. तुला काही त्रास दिसत नव्हता, म्हटलं उगाच कशाला..."

"अहो, मी हेच काम करते! एका शब्दानं बोलला असतात तर?"

"तुझ्याकडे बघून धीरच झाला नाही गं."

त्याचा पाय घसरला, हे ताईंनी रडूनभेकून का होईना, पोटात घातलं असतं. पण स्वतः बरा होऊन हा माणूस वर्षभर त्यांच्या शेजारी गाढ झोपला होता.

संध्याकाळी तो आला आणि मान खाली घालून रांगेत शेवटी बसला. त्याची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी घेते रक्त. तुम्ही बसा."

"नको," ताई म्हणाल्या.

त्यांनी हातमोजे चढवले, त्याच्या दंडाला रबरी पट्टा आवळला. संसारभर हातात घेतलेला तो हात. शीर शोधावीही लागली नाही.

"बोल ना गं माझ्याशी," तो कसंबसं म्हणाला.

"मूठ घट्ट धरा," ताई म्हणाल्या. "पूर्ण नाव सांगा."