हाडावर थापलेली वडी

माल्सुनने हाडाभोवती थापलेला खिमा पुन्हा एकदा ओट्यावर आपटला. आत हवा राहिली की निखाऱ्यावर मांस हाड सोडते, हे तिच्या मनगटांना पाठ होते. मग तिने कडा सारख्या केल्या, सुरीने तिरप्या रेघा ओढल्या, आणि खिम्याची अखंड बरगडी दिसू लागली. पहाटेपासून हेच चालले होते. साठी ओलांडलेली कंबर आता वाकेना.

सासूबाईंच्या वाढदिवसानिमित्त कोरियातल्या दाम्यांगमधली त्यांची खानावळ आज बंद होती. वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवत नसे. मागच्या सणाला सासूबाईंपुढे कात्रीने बारीक केलेले मांस आले, तेव्हा ‘मी काय तान्हं पोर आहे?’ असे विचारून त्यांनी ताट सरकवले होते, आणि सगळी पंगत उपाशी उठली होती. दाढा गेल्याचे त्या आजही कबूल करीत नव्हत्या. म्हणून माल्सुनने या वेळी सगळ्यांनाच एकसारखे वाढले.

सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. पंगत खोळंबली. शेवटी नव्या नातसुनेने, दाबिनने, विचारले की गाल्बी म्हणजे बरगडी हे कळते, पण या पदार्थाला तॉकगाल्बी का म्हणतात? तॉक तर तांदळाची वडी. माल्सुनने गिऱ्हाइकांना रोज सांगायची गोष्ट थकल्या आवाजात सांगितली: राजाला हाड चोखणे शोभत नसे, म्हणून मुदपाकखान्यात मांस कुटून वडीसारखे थापू लागले.

“राजा कसला आलाय,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या घरात ते माझ्या सासूमुळं आलं. तिचे दात पडले, तोरा नाही पडला. मऊ काही नको, बरगडीच हवी. मग मी मांस कुटलं, वडीसारखं थापलं आणि हाडाला चिकटवलं.”

माल्सुनने मान वर केली नाही.

“त्यांना कळलं होतं, आजी?” दाबिनने विचारले.

“पहिल्या घासाला.”

सासूबाईंनी हाड हातात घेतले, सावकाश चावा घेतला, आणि घास बराच वेळ घोळवून गिळला. पंगतीत वाट्या वाजू लागल्या.

“माल्सुन.”

“हो, आई.”

“हल्ली तू एकाच बाजूनं चावतेस.”

माल्सुनचा घास तोंडातच थांबला. सासूबाई मात्र तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या दाबिनच्या हातांकडे बघत होत्या.