शिबिरातून आलेला फोन

उल्हासनं कॅसेट व्हीसीआरमध्ये ढकलली. ती अर्ध्यातच अडकली, तेव्हा बाहेर काढून त्यानं तिच्यावर फुंकर मारली आणि पुन्हा ढकलली. पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा आल्या, मग एक तलाव आणि लाकडी खोल्यांची रांग.

"खालच्या कॅसेटच्या दुकानातला जमाल म्हणाला, फार डेंजर पिक्चर आहे."

"जमाल अंकल सगळ्याच कॅसेट्सना डेंजर म्हणतात," काव्या म्हणाली आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसली.

जुलैतला शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर अजमानच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उल्हासची बायको उर्मिला वरच्या मजल्यावर शोभनाकडे साबुदाण्याच्या पापड्या घालायला गेली होती. काव्याचं दहावीचं वर्ष, म्हणून यंदा भारतात जाणं रद्द झालं होतं. उल्हास आठवड्याचे सहा दिवस रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात ये-जा करी आणि परत येईपर्यंत लेक पुस्तकात डोकं घालून बसलेली असे. बापलेक दोघंच घरी, अशी दुपार कितीतरी महिन्यांनी आली होती. पिक्चर आणायची कल्पना त्याचीच.

पिक्चर भंकस होता. तलावाकाठी उन्हाळी शिबिराला आलेली मुलं आणि त्यांना एकेक करून मारणारा, तोंडाला गोणपाट बांधलेला माणूस. एका ठिकाणी झाडामागे दिवा धरून उभ्या असलेल्या कोणाचं तरी कोपर दिसत होतं. रक्त गुलाबाच्या सरबतासारखं.

"सो फेक, बाबा! मेलेला माणूस श्वास घेतोय बघा!"

काव्या हसून हसून आडवी झाली. तिला इतकं हसताना उल्हासनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पिक्चर आणखी वाईट निघावा असं त्याला वाटू लागलं.

मग एक मुलगी धावत शिबिराच्या ऑफिसात शिरली आणि तिनं घरी फोन लावला. रिकाम्या दिवाणखान्यात फोन वाजत राहिला.

"आता कोण उचलतंय!" उल्हास म्हणाला. "पोरगी शिबिराला गेली म्हणून आईबाप सुटले बिचारे!"

काव्या हसली नाही. तिनं रिमोट उचलून पिक्चर थांबवला. पडद्यावरची मुलगी रिसीव्हर कानाला लावून थरथरत उभी राहिली.

"शिबिरातून मीपण केला होता फोन."

"केला होतास की. पहिले दोन दिवस. रडत रडत."

"तो नाही. नंतरचा. फ्रायडेचा."

शेंगदाण्यांच्या वाटीतला उल्हासचा हात तिथेच राहिला.

चार वर्षांपूर्वी, काव्या अकरा वर्षांची असताना, त्यानं तिला सह्याद्रीतल्या एका धरणाजवळच्या शिबिराला पाठवलं होतं. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी महिनाभराचं शिबिर. मराठी सुधारेल, धीट होईल, असं त्याचं म्हणणं. उर्मिलाच्या मनात नव्हतं. शिबिराच्या सरांनी दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं की रडण्याचे फोन आठवडाभर घेऊ नका, मूल रुळत नाही.

"कशाला केला होतास?"

"देअर वॉज ब्लड," ती भरभर म्हणाली. "मला काहीच माहीत नव्हतं. आय थॉट आय वॉज डाइंग, बाबा. मी बाथरूमच्या बाहेरच येत नव्हते." तिनं उशी मांडीवर ओढली. "स्वयंपाकाला सगुणामावशी होत्या. त्यांनी समजावलं, सगळं दिलं. मग गावातल्या आयएसडी बूथवर घेऊन गेल्या. म्हणाल्या, आईशी बोल, बरं वाटेल."

उल्हासला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं हातातले दाणे एकेक करून वाटीत परत टाकले.

त्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा उर्मिला पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातांनीच ती धावत आली होती. "नको," तो म्हणाला होता. "उचललास की पुन्हा रडेल. सवय होऊ दे." फोन वाजून वाजून थांबला. तरी ती दारातून हलेना, तेव्हा त्यानं रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवला होता.

"यू गाइज मस्ट हॅव बीन आउट," काव्या म्हणाली. "सुट्टी होती ना."

"हो," उल्हास म्हणाला. "शारजाला गेलो होतो बहुतेक. भाजीला."

तिनं मान हलवली आणि पिक्चर पुन्हा सुरू केला. गोणपाटवाल्यानं एकाला तलावात बुडवलं. पाणी गुडघाभरच होतं, ते स्पष्ट दिसत होतं. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

"सेकंड टाइम लावला तेव्हा एंगेज्ड होता," काव्या पडद्याकडे बघतच म्हणाली.

उल्हास उठला आणि त्यानं टीव्ही बंद केला. एसीची घरघर एकदम मोठी झाली.

"घरीच होतो आम्ही. आई उठली होती. मी उचलू दिला नाही. मला वाटलं... माझं चुकलं, काव्या."

"आय नो. म्हणजे, घरी होतात ते."

"चार वर्षं बोलली नाहीस."

उशीच्या कडेचा सुटलेला दोरा ती बोटाला गुंडाळत राहिली.

"बाबा, आईला सांगू नका हं."

"का?"

"तिला वाटतं, ऑक्टोबरमध्ये घरीच पहिल्यांदा झालं. मधे काहीच नव्हतं ना. तिनं मला जवळ बसवून सगळं सांगितलं, कितीतरी वेळ. चित्र काढून दाखवलं. मग शिरा केला. शी वॉज सो हॅपी. मी काहीच माहीत नसल्यासारखं ऐकून घेतलं."

उल्हासनं मान हलवली. तो शिरा त्याला आठवत होता. केशर घातलेला, वर बेदाणे. आज काय विशेष, असं त्यानं विचारलं होतं. उर्मिला नुसतीच हसली होती, काव्या खाली मान घालून खात होती, आणि त्यानं आणखी एक वाटी मागून घेतली होती.