ओठांतल्या टाचण्या

बारकी दोन वर्षांची झाली तोवर आमच्या घरातल्या शिवणकामाची निम्मी सूत्रं तिनं आपल्या हातात घेतली होती. आई आहे म्हणून पोरीचं कौतुक सांगतेय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटो. ज्यांनी तिला काम करताना पाहिलंय, ते माझ्या बाजूनं बोलतील.

मी घरीच कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, उंच आरसा आणि आरशापुढे गिऱ्हाइकाला उभं करायला एक बुटकी लाकडी पेटी. जमिनीवर कापड पसरलेलं असलं की भले भले त्यावर पाय देतात, तिचा बापसुद्धा देतो आणि वर म्हणतो, ‘‘दिसलंच नाही.’’ बारकी मात्र भिंतीला पाठ लावून कडेकडेनं सरकत जाते. हे तिला कुणी शिकवलं नाही. कातरणांची टोपली तिच्या ताब्यात आहे. एकेक तुकडा ती गालाला लावून बघते, मऊ असेल तर उजवीकडे, टोचला तर डावीकडे. रंगाशी तिला काही देणंघेणं नाही. गिऱ्हाईक निघालं की टोपलीतून त्याला एक तुकडा भेट मिळतो आणि तो निवडायला ती चांगली पाच मिनिटं लावते. बँकेत काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे येतात, त्यांच्यापुढे मीसुद्धा जरा दबकूनच असते. त्यांना तिनं गुलाबी झालरीचा तुकडा दिला. बाईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या चक्क हसल्या. माझ्या सहा वर्षांच्या धंद्यात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आणि फिटिंगच्या वेळी तर बघायलाच हवं. मी गुडघ्यावर बसून कपड्याची खालची कड टाचत असते, तेव्हा ही शेजारी उकिडवी बसते, मान वाकडी करून कड सरळ आहे का बघते, मग गिऱ्हाइकाभोवती एक फेरी मारते आणि मान डोलावते. मान डोलावली नाही तर मी पुन्हा मोजते. हसू नका, दोनदा खरंच अर्ध्या इंचाचा फरक निघाला होता.

सगळं होतं, फक्त पोरगी बोलत नव्हती. एक शब्द नाही. ‘आई’ नाही, ‘नको’ नाही. खळखळून हसायची, पडली तर घर डोक्यावर घ्यायची, पण एरवी ओठ घट्ट मिटून ‘उं’ करायची आणि बोट दाखवायची. मला तिचे सगळे ‘उं’ कळायचे. पाण्याचा वेगळा, बाहेर जायचा वेगळा, मशीनवरून मला उठवायचा वेगळा.

‘‘माझ्यावर गेलीय,’’ तिचा बाप म्हणायचा. तो बस चालवतो, पहाटे जातो तो ती पेंगुळल्यावर येतो. ‘‘मी तिसऱ्या वर्षी बोलायला लागलो.’’

‘‘मग?’’

‘‘मग तुझ्याशी लग्न झालं, पुन्हा बंद.’’

मी हसायचे, पण शेवटी पोरीला दवाखान्यात घेऊन गेलेच.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, ते ठणठणीत होते. म्हणाल्या, ‘‘या वयात दोन-दोन शब्द जोडायला लागतात मुलं. तीन महिन्यांनी परत आणा. तोवर काही हालचाल नसेल तर तज्ज्ञांकडे पाठवू. घरी दिवसभर कोण असतं हिच्याजवळ?’’

‘‘मी.’’

‘‘बोलता ना तिच्याशी?’’

‘‘म्हणजे काय!’’ मी फणकारले. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी एका बाईंच्या लांब स्कर्टचा घेर टाचत होते. घेर मोठा, टाचण्या बऱ्याच लागणार, म्हणून नेहमीसारख्या आठ-दहा ओठांत धरल्या होत्या. बाईंना वळायचं होतं. मी ‘उं’ म्हटलं, बोटानं खूण केली, त्या वळल्या. पुन्हा ‘उं’, पुन्हा वळल्या. तेवढ्यात सहज आरशात नजर गेली. आरशात दोघी बसल्या होत्या, एक मोठी, एक छोटी. दोघींचे ओठ सारखेच आवळलेले. छोटीच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत या पोरीनं मला असंच बघितलं होतं. ओठ मिटले म्हणजे काम चाललंय, असंच तिला वाटणार! आणि ती तर दिवसभर कामातच असायची. खरं कारण हेच होतं की दुसरं काही, देव जाणे. डॉक्टरीणबाईंना सांगायचा धीर मला झाला नाही. पण त्या दुपारी मी मशीनवर डोकं टेकून रडले. पोरीला काय काय येतं हे गावभर सांगत फिरले, आणि तिला मी काय शिकवतेय ते मला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून ओठांत टाचणी धरली नाही. फोमचा तुकडा कापडात शिवून मनगटाला इलॅस्टिकनं बांधला, टाचण्या त्यात. आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. हा खांदा, ही बाही, आता दोरा संपला, आता मला भूक लागली, जे सुचेल ते. सुरुवातीला माझी मलाच लाज वाटायची. एका गिऱ्हाइकानं तर काळजीनं विचारलं, ‘‘तुमची तब्येत बरी आहे ना?’’

बारकी माझ्याकडे डोळे वटारून बघायची. ओठ मात्र मिटलेलेच. एक महिना गेला, दुसरा गेला. बोलून बोलून माझा घसा बसला. तज्ज्ञांचा नंबर नवऱ्यानं कागदावर लिहून आणला आणि मला न दाखवता कपाटात ठेवला. मला तो सापडला. मी तो होता तिथेच परत ठेवला.

डॉक्टरांकडे जायला चार दिवस उरले असताना बँकेतल्या बाई कोटाच्या फिटिंगला आल्या. मी पाठीमागून कड टाचत होते, बारकी जागेवर उकिडवी. बाईंचा फोन वाजला. त्या गर्रकन वळल्या आणि टाचलेली सगळी कड विस्कटली.

‘‘हलू नका!’’

मी बोलले नव्हते. बाई जागच्या जागी थिजल्या. फोन वाजतच राहिला, पण त्यांनी तो उचलला नाही. पेटीशेजारी माझी बारकी उभी होती, कपाळाला आठ्या घालून, हात वर करून.

मी टाचण्या खाली ठेवल्या. आपण रडायचं नाही, पोरगी घाबरेल, असं मी स्वतःला बजावत होते, पण हुंदका आवरेना. तोंडावर हात दाबला तर खांदे हलायला लागले. बारकीनं माझ्याकडे बघितलं. तिला ते मुळीच पसंत पडलं नाही. कोटाला वळसा घालून ती माझ्यापुढे आली, तिनं दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, दाबून धरले, आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून मला सांगितलं,

‘‘आई, हलू नका.’’

मी अजिबात हलले नाही.