पंपाच्या खोलीत

डब्यांच्या कारखान्यात फोरमनला सगळे भोंगा म्हणायचे. पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या चौदा प्रेस एकदम चालू असल्या की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, पण त्याने शेडच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा माणूस मान वळवायचा. हे नाव त्याच्या बायकोला पहिल्यांदा कळलं ते त्याच्या निरोपसमारंभात. तिला आधी वाटलं, लोक दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. कारण घरात या माणसाचा आवाज बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा पोचत नसे. त्या घरात कुणाचाच पोचत नसे.

याची सुरुवात सत्तावीस वर्षांपूर्वीची. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. फोरमन संध्याकाळी कामावरून आला, खुर्चीत टेकला, आणि स्वयंपाकघरात मुलीच्या हातून स्टीलची थाळी पडली. पडली ती पडली, वर फरशीवर गरगर फिरत राहिली. तो ताडकन उठला आणि ओरडला, "या घरात माणसाला घटकाभर शांतता मिळणार आहे की नाही?"

लग्नानंतर तो पहिल्यांदाच असा ओरडला होता. मुलीचे ओठ थरथरले. बायकोने थाळीवर पाय ठेवून ती थांबवली, आणि नवऱ्याचं ते वाक्य मनात धरलं ते कायमचंच.

बिचाऱ्याच्या दिवसभर कानठळ्या बसतात, निदान घरी तरी कानांना विसावा मिळावा, एवढाच तिचा साधा विचार. तिने जुन्या कोटाचं कापड कापून खुर्च्यांच्या पायांना चिकटवलं. बिजागऱ्यांना दर महिन्याला तेल घालायची. भांडी घासताना सिंकमध्ये खाली टॉवेल पसरायची. ती घरी शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. नवरा घरी असताना मशीन चालवायचं नाही असं तिने ठरवलं. पुढे त्याच्या पाळ्या बदलत गेल्या, आज सकाळ तर उद्या दुपार, आणि मशीनला वेळच उरेना. शेवटी तिने ते विकलं आणि हाताने होईल तेवढंच काम घेऊ लागली, काजं, बटणं, तुरपाई. मुलीला 'हाताची घडी, तोंडावर बोट' शाळेत शिकवावं लागलं नाही. हसू आलं की ती उशीत तोंड खुपसून हसायची. मैत्रिणी एकदोनदा आल्या आणि यायच्या बंद झाल्या. जिन्यात बापाची पावलं वाजली की आई नुसता एक हात वर करायची, आणि दिवा मालवावा तसं घर चिडीचूप व्हायचं.

खरी गोष्ट फोरमनला एकट्याला ठाऊक होती.

थाळी पडली त्या संध्याकाळी शेडमधून बाहेर आल्यावर त्याच्या कानातली शिट्टी थांबली नव्हती. बारीक, धारदार, सलग शिट्टी. एरवी घर येईपर्यंत ती विरून जायची. त्या दिवशी विरली नाही, आणि त्यानंतर कधीच विरली नाही. कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलं असतं तर त्याने प्रेसवरून उचलून गोदामात बसवलं असतं, आणि नुकतीच मिळालेली फोरमनकी हातची गेली असती. म्हणून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. बायको कळताक्षणी डॉक्टरकडे ओढून नेईल, म्हणून तिच्यासमोरही ब्र काढला नाही. प्रेसच्या दणदणाटात ती शिट्टी बुडून जायची, तिथे त्याला बरं वाटायचं. घरी मात्र, जसजशी बायको शांतता वाढवत गेली, तसतशी शिट्टी मोठी होत गेली.

सांगावंसं वाटलं नाही असं नाही. वर्ष गेलं, तीन गेली. मशीन घेऊन जायला टेम्पो आला त्या दिवशी तो दारातच उभा होता. बायको मशीनवरचं कापड घडी करत होती. "राहू दे, नको विकूस," हे शब्द त्याच्या अगदी जिभेवर आले होते. पण मग का, असं तिने विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यायला आता फार उशीर झाला होता. त्याने मशीनची एक बाजू धरली आणि ते खाली उतरवायला मदत केली.

सुट्टीत राहायला फ्लॅट घ्यायची कल्पना बायकोचीच. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी तिने एक छापील पत्रक त्याच्यापुढे ठेवलं. शहरापासून बसने तीन तास, तळ्याकाठी, चार मजली इमारत. एक खोली, स्वयंपाकाचा कोनाडा, गॅलरी. त्याचा फंड आणि तिची तुरपाईतून साठलेली शिल्लक यात ते बसत होतं.

"तुम्ही जन्मभर गोंगाटात काढलात," ती म्हणाली. "आता थोडं कानांसाठी जगा."

फ्लॅट दाखवायला आलेली एजंटबाई चांगलीच बोलघेवडी होती. तिने गॅलरीचं दुहेरी काचेचं दार सरकवून बंद केलं आणि बोट वर केलं.

"आता ऐका."

"काय ऐकू?" फोरमनने विचारलं.

"काहीच नाही! तेच तर विकतोय आम्ही," असं म्हणून ती स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसली. "वरचे शेजारी फक्त सुट्टीत येतात. खालचे म्हातारे आहेत. टाचणी पडली तर तिचाच काय तो आवाज."

बायको खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की फोरमनने लगेच नजर वळवली. कागदांवर सह्या झाल्या तेव्हाही तो काही बोलला नाही. पेन तिनेच त्याच्या हातात दिलं होतं.

पहिल्यांदा राहायला गेले ते आठवड्यासाठी. पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर बायकोने काचेचं दार ओढून घेतलं, आणि फोरमनच्या डोक्यात कुणीतरी पत्रा कापायला घेतल्यासारखं झालं. घरी निदान रस्ता होता, शेजाऱ्यांचा नळ होता. इथे शिट्टीच्या आड यायला काहीच नव्हतं. त्याने पायात चपला सरकवल्या.

"जरा पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जेवण झालं की तो बाहेर पडे आणि दिवेलागणीला परत येई. बायकोला बरं वाटलं. हवा मानवलेली दिसते, चालायला लागले. चौथ्या दुपारी ती त्याच्यासाठी थर्मासमध्ये चहा घेऊन तळ्याकडे निघाली. काठावर कुणी नव्हतं. फाटकाशी तिने रखवालदाराला विचारलं.

"काका ना? ते पंपाच्या खोलीत असतील," रखवालदार म्हणाला. "रोज तिथंच बसतात. मी म्हटलं, काका, इथं डोकं उठेल तुमचं, तर म्हणाले, उठू दे."

तळघरातल्या त्या खोलीत पाणी वर चढवणारा पंप घरघरत होता. खोली कोंदट होती, ग्रीसचा वास होता. पालथ्या घातलेल्या बादलीवर फोरमन बसला होता. पाठ भिंतीला, मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं. तो गाढ झोपला होता. इतकं निवांत झोपलेलं तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बिछान्यात तो कसा कूस बदलत पडायचा, ते तिला चांगलं माहीत होतं.

तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकून उठला.

"अहो, इथे? या घरघरीत?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, हातातल्या थर्मासकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की आता खोटं बोलायला काही उरलंच नाही. त्याने सगळं सांगितलं. पंपामुळे त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि बायकोने त्याचा तो कारखान्यातला आवाज थाळीच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा ऐकला.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "किती वर्षं?"

"सत्तावीस."

"म्हणजे ती थाळी पडली तेव्हापासून."

"हो."

"मी मशीन विकलं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे! तुम्ही एक बाजू धरून ते खाली उतरवलंत." तिचा आवाज चढला नाही. चढवायची सवयच राहिली नव्हती. "माझ्या मशीनचं एक वेळ जाऊ द्या हो. मी माझ्या लेकीला गप्प केलं. पोरगी शाळेतून काहीतरी सांगत यायची, हात नाचवत यायची, आणि मी दारातच तिच्या तोंडावर हात ठेवायची. कशासाठी? तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. आणि तुम्हाला त्रास होत होता तो त्या शांततेचाच."

पंप आपोआप बंद झाला, आणि ती दोघं त्या कोंदट खोलीत तशीच बसून राहिली. थर्मास कुणीच उघडला नाही.

आठवडा पुरा न करताच ती दोघं घरी परतली. बायको त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. चौथ्या दिवशी तिने त्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला.

"लेकीकडे जाऊन या. तुमचं तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोन वर्षांपूर्वी ती आपल्या जुळ्यांना घेऊन आजोळी आली होती. पोरं धावली, आजीने हात वर केला, आणि मुलीने तिथल्या तिथे चपला घातल्या. "आई, मी वाढले तशी ही वाढणार नाहीत," एवढंच म्हणाली. तेव्हापासून फोनवर चौकशी, सणासमारंभाला धावती भेट, बस.

फोरमन पोचला तेव्हा घरात नुसता धिंगाणा चालला होता. एका पोराने पातेलं उलटं घातलं होतं, दुसरा त्यावर चमचा बडवत होता, आणि मुलगी त्या सगळ्यावर आवाज चढवून त्यांना अंघोळीला बोलावत होती. बापाला दारात पाहताच ती एकदम थांबली आणि पोराच्या हातातला चमचा काढून घ्यायला वाकली.

"राहू दे," फोरमन म्हणाला. "वाजवू दे त्यांना."

तिने चमचा तसाच सोडला, पण तिला बापाच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. त्याने स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सांगितलं. पत्नीला सांगताना शब्द भराभर आले होते, इथे येईनात. मुलगी ओट्याला टेकून ऐकत होती. त्याचं संपल्यावर ती काहीतरी पुटपुटली.

त्याला ते ऐकू आलं नाही. बाहेर पातेलं वाजत होतं, आणि खरं म्हणजे कान आता तसेही फारसे उरले नव्हते.

"मोठ्याने बोल गं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

तिने वर पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मला वाटायचं, तुम्हाला मीच नको आहे!" ती ओरडली. इतक्या जोरात, की बाहेरचा चमचाही थांबला. "आवाज नको म्हणजे मी नको, असंच वाटायचं मला! मी काय घोडं मारलंय, असं विचारायचे मी आईला. शाळेत बाई म्हणायच्या, मोठ्याने वाच, आणि माझ्या घशातून आवाजच निघायचा नाही!"

फोरमन ऐकत राहिला. तिचं बोलणं बराच वेळ चाललं. मध्येच त्याने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. त्याने 'चुकलं' म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "चुकलं म्हणजे काय, बाबा? चूक एकदा होते." निघताना तिने त्याला चहा दिला, आणि दारापर्यंत सोडायला आली.

"मला वेळ लागेल," ती म्हणाली. मग तेच पुन्हा, नीट, मोठ्याने म्हणाली, म्हणजे त्याला ऐकू येईल.

पुढच्या महिन्यात फोरमन कानाच्या डॉक्टरकडे गेला. बायको बरोबर होती. शिट्टी जाणार नाही, डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, तिच्याशी जमवून घ्यावं लागेल. ऐकण्यासाठी यंत्र मात्र मिळेल. फोरमनने ते घेतलं. घरात एक पंखा आता थंडीतही चालू असतो. मुलगी दोनदा येऊन गेली, एकदा पोरांना घेऊन. पोरं धावली तेव्हा आजीचा हात अर्ध्यावर उचलला गेला होता. तिचा तिलाच तो खाली ठेवावा लागला. मुलीने ते पाहिलं.

राहता राहिला फ्लॅट. फोरमन म्हणाला, विकून टाकू या, तुला नवं मशीन घेऊ. बायको त्या वेळी बटणं लावत होती. तिने दोरा दाताने तोडला.

"मशीन घेऊ. पण फ्लॅट विकायचा नाही," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं मी ती शांतता केली. तुमच्यासाठी म्हणून केली, पण करता करता मलाच तिची सवय लागली. तिथे त्या काचेच्या दाराआड उभी राहिले ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे माझं आहे."

"मग मी काय करू तिथे?"

"तुम्ही येऊच नका. मी जाईन. महिन्यातून आठ दिवस."

तो काहीतरी बोलायला गेला, आणि गप्प बसला. मग त्याच्या लक्षात आलं की गप्प बसणं हीच आपली जुनी खोड आहे, आणि तो बोलला, "मला तुझ्याशिवाय करमणार नाही."

"करमणार नाही तर नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण माघारही नव्हती. "मलाही कितीतरी वर्षं करमलं नाही."

पहिल्या तारखेला तो तिला बसवर सोडायला गेला. पिशवी त्याने वर फळीवर ठेवली, खिडकी तिला हवी तेवढी उघडून दिली. बस सुटायच्या आधी तिने खिडकीतून सांगितलं, की दूध उतू जाऊ देऊ नका, आणि रविवारी लेक येणार आहे, पोरांसाठी काहीतरी आणून ठेवा. त्याने प्रत्येक गोष्टीला मान हलवली. बस वळणाआड गेल्यावर तो खेळण्यांच्या दुकानाकडे निघाला. तिथे पत्र्याचा एक ढोल होता. दुकानदार म्हणाला, हा फार वाजतो, घरचे शिव्या देतील. फोरमनने दोन घेतले.