वकीलबाई आणि वेगळा वर्ग

गल्लीत तिला सगळे वकीलबाई म्हणत. वय जेमतेम दहा, अंगात दोन मापं मोठा युनिफॉर्म, आणि तोंड असं की समोरचा दमावा. गल्लीतली झाडून सगळी कुटुंबं दूरच्या मुलखातून पोट भरायला आलेली. मोठी माणसं लाँड्रीत नाहीतर शीतगृहात राबत. तिथे हातांना काम असे, तोंडाला नसे. त्यामुळे वर्षानुवर्षं राहूनही इथली भाषा त्यांना आली नाही. ती आली पोरांना, आणि सगळ्यांत चुरूचुरू आली हिला. मग काय, दवाखाना असो, घरमालक असो की वीज कंपनीची खिडकी, बोलायला वकीलबाई.

त्या दिवशी सकाळीही शाळेची घंटा चुकवून ती शेजारच्या काकूबरोबर दवाखान्यात उभी होती. काकूचा खोकला थांबत नव्हता.

"इतके दिवस झोपा काढत होता का?" डॉक्टर खेकसले. "छाती भरून आलीय नुसती! मरायचंय का? या गोळ्या रोज जेवणानंतर, एकही चुकवायची नाही!"

वकीलबाई काकूकडे वळली आणि घरच्या भाषेत म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, आलात ते फार बरं केलंत. गोळ्या रोज जेवणानंतरच घ्या, मध्ये सोडू नका, म्हणजे खोकला पळून जाईल."

"देवमाणूस गं!" काकूने हात जोडले. डॉक्टरांनी वकीलबाईला विचारलं,

"काय म्हणतायत?"

"तुमचे उपकार झाले म्हणतात."

डॉक्टर खूश, काकूही खूश. तिची कामाची रीत ही अशी होती. कोणी शिकवली नव्हती. कडू ते गाळायचं, कामाचं तेवढं पोचवायचं. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचा मान राखण्याचा तिला ठाऊक असलेला हा एकच मार्ग.

शाळेत पोचली तर तिची वाटच बघत होते. त्या शाळेचा एक नियम होता, आणि तो इतका जुना की त्याची कोणाला लाजही वाटत नसे. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांची, पुढच्या इयत्तेत घेण्याआधी, बुद्धी तपासायची. ज्यांच्या घरी शाळेचीच भाषा, त्यांची कोणी तपासत नसे. ती त्यांना असतेच, असं धरून चाललेलं.

तपासायला आलेल्या बाई रागीट नव्हत्या. चांगल्या हसतमुख होत्या. त्यांनी छत्रीचं चित्र समोर धरलं.

"सांग बघू, हे काय आहे?"

वकीलबाईने मान खाली घातली. बाईंना छत्री माहीत नसेल असं कसं होईल? त्यांची स्वतःची छत्री खुर्चीला टांगलेली होती. आणि बापाने लहानपणापासून मनावर बिंबवलेलं होतं, मोठ्यांना जे ठाऊक आहे ते त्यांनाच सांगायला जायचं नाही. तो आगाऊपणा. त्यांना खरंच काही हवं असेल तेव्हा तोंड उघडायचं. खच्चून भरलेल्या वर्गात तिला एकटीला असं काही विचारायची वेळ कधी कोणावर आलीच नव्हती.

"घाबरू नकोस. हे काय? आणि हे?"

गाय, घड्याळ, शिडी. चित्रं येत राहिली आणि पोर पायाच्या अंगठ्याकडे बघत आदराने गप्प बसून राहिली. बाईंनी सुस्कारा टाकला. छत्री ओळखू न शकणाऱ्या मुलीचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

दोनच दिवसांनी हेडमास्तरांनी पालकांना बोलावलं. बापाला शीतगृहातून सुट्टी मिळेना, म्हणून आई आली. लाँड्रीतून तशीच आलेली, हाताची बोटं गरम पाण्याने सुरकुतलेली. दाराशीच चपला काढून ती उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"यांना आपली भाषा येते?" हेडमास्तरांनी वर्गशिक्षिकेला विचारलं. ही तरुण शिक्षिका त्या वर्षीच नोकरीला लागली होती.

"नाही येत, सर."

"मग आता?"

"मुलगीच सांगेल. ती सगळ्यांचंच सांगते."

हेडमास्तरांना यात काही वावगं वाटलं नाही. चष्मा पुसत ते बोलू लागले. "सांग आईला. मुलीची आकलनशक्ती कमी आहे. नेहमीचा अभ्यास तिला झेपणार नाही. तेव्हा तिला मागच्या वेगळ्या वर्गात घालतोय. तिथे पाढे नाहीत, धडे नाहीत. हाताला काहीतरी वळण लागेल. पुढे हायस्कूलची आशा धरू नका म्हणावं."

वकीलबाईने सगळं ऐकलं. मागची खोली तिला माहीत होती. तिथली मुलं दिवसभर पुठ्ठ्यांवर बटणं शिवत. तिच्याच गल्लीतली होती ती, आणि तिथून पुढच्या इयत्तेत गेलेलं एकही पोर तिने पाहिलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली, घामेजलेली, डोळ्यांत भीती घेऊन तिच्या ओठांकडे बघणारी आई. आणि तिची जीभ आपल्या सवयीने वळली.

"आई, सर म्हणतात, मला वेगळ्या वर्गात घेतलंय. तिथे गर्दी नाही. बाई जवळ बसून शिकवतात. हाताचं कामही शिकवतात."

आईचा चेहरा उजळला. "एवढ्या पोरांतून तुला निवडलं?"

"हो."

आईने पुढे होऊन हेडमास्तरांना वाकून नमस्कार केला. डोळे भरून आले होते तिचे.

"पाहिलंत?" आई गेल्यावर हेडमास्तर शिक्षिकेला म्हणाले. "आपण उगाच जीव जाळतो. या लोकांना स्वतःलाच काही पडलेलं नसतं."

शिक्षिकेला आईचा तो उजळलेला चेहरा खटकला होता. तिने पोरीला व्हरांड्यात गाठलं. "आईला वेगळंच काहीतरी सांगितलंस ना तू?"

पोर मान खाली घालून गप्प.

"खरं नाही सांगितलंस ना?"

तरीही गप्प. तपासणीच्या कागदावरही शिक्षिकेने हेच वाचलं होतं, छत्री दाखवली तरी मान खाली, आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मला माहीत आहे ते मी विचारतेय, म्हणून बोलत नाहीस? त्या छत्रीच्या वेळीही असंच?"

आता मात्र पोरीने डोळे वर केले. हे बाईंना खरोखर माहीत नव्हतं. "हो बाई," ती म्हणाली. "त्यांना ठाऊक होतं ना."

शिक्षिका तशीच उलट्या पावली ऑफिसात गेली. "सर, त्या मुलीने तुमचं सगळं बोलणं उभ्या उभ्या दुसऱ्या भाषेत नेलं, तेही आईला झेपेल असं बदलून! तुम्हाला-मला जमेल का हे? ही मतिमंद?"

"बडबड वेगळी आणि बुद्धी वेगळी," हेडमास्तर म्हणाले. "आणि आई हो म्हणून गेली. आता तुम्ही नवीन आहात, नोकरी पक्की व्हायचीय. कशाला अंगावर ओढून घेता?"

तरी ती बिचारी लाँड्रीत गेली. वाफेने भरलेल्या त्या शेडमध्ये आई चादरी पिळत होती. शिक्षिकेने हातवारे केले, मान हलवली, डोक्याकडे बोट दाखवून "हुशार, हुशार" म्हणून पाहिलं. आईने घाईने स्टूल पुसून पुढे केलं आणि आजूबाजूच्या बायकांना अभिमानाने सांगितलं, "पोरीच्या बाई आल्यात. माझीला वेगळ्या वर्गात घेतलंय ना, तिचं कौतुक करतायत." बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. जिच्या तोंडून हे आईपर्यंत पोचलं असतं, ती पोर त्या वेळी मागच्या खोलीत बटणं शिवत होती. शिक्षिका परत आली. शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसात तिने दोनदा अर्ज दिला, त्याचं उत्तर आलं नाही, आणि वर्ष सरताना तिची नोकरी पक्की झाली नाही.

मला या हेडमास्तरांचा राग येतो. पण खरं सांगायचं तर ते दुष्ट नव्हते. घरी नातवंडांना खांद्यावर घेणारा माणूस. त्यांना मागची खोली ही सोय वाटत होती, आणि आपल्यापैकी कितीजणांना आपल्या गावातल्या शाळेची अशी मागची खोली ठाऊक तरी आहे?

पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवसांत शिपाई मागच्या खोलीत आला. "वकीलबाई, सरांनी बोलावलंय." ऑफिसात गल्लीतलीच एक बाई उभी होती, लाँड्रीत आईशेजारी काम करणारी मावशी. पदराला बिलगून तिची धाकटी.

"हां, आली का," हेडमास्तर म्हणाले. "सांग यांना, मुलीची आकलनशक्ती कमी आहे. वेगळ्या वर्गात घालतोय."

वर्षभर त्या खोलीत बसलेल्या पोरीला आता गाळण्याची सवय उरली नव्हती. शब्द सरळ आले. "मावशी, ते म्हणतात तुमची पोर मंद आहे. ती खोली शिकवायची नाही. तिथे फक्त बटणं शिवतात. नाही म्हणा. पाया पडते, नाही म्हणा."

मावशीने लेकीला जवळ ओढलं. "असं कसं? तुझी आई तर सगळ्यांना सांगत असते, माझीला निवडून घेतलंय म्हणून."

"मी आईला खोटं सांगितलं होतं."

"आईशी खोटं बोललीस?" मावशीचा आवाज चढला. "मग आता माझ्याशी खरं बोलतेस कशावरून? तुला मिळालं ते माझ्या लेकीला मिळू नये, असंच ना? एवढीशी आहेस, आणि पोटात इतकं?"

"मावशी, देवाशप्पथ..."

पण मावशीने तिच्याकडे पाठ केली. लेकीला पुढे ढकललं, हेडमास्तरांना वाकून नमस्कार केला आणि हसून मान डोलावली, हो, हो, घ्या.

"काय म्हणतायत?" हेडमास्तरांनी विचारलं.

मान डोलावलेली त्यांनी पाहिली होती. उत्तर त्यांना ठाऊक होतं. वकीलबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत गप्प उभी राहिली.

"बघा," हेडमास्तर शिपायाला म्हणाले, "साधा प्रश्न कळत नाही हिला." आणि त्यांनी खूण केली तशी वकीलबाईने त्या धाकटीचा हात धरला आणि तिला मागच्या खोलीकडे घेऊन गेली.