उंबऱ्यातली फरशी

माझ्या मुलाचा, रेल्याचा, पहिला वाढदिवस म्हणून आमच्या अंगणात सकाळपासून डुकराचं पिल्लू भाजत होतं. मी स्वयंपाकघरात सारमेच्या, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याच्या, पातेल्यावर लक्ष ठेवत एकच वाक्य घोकत होते: केक कापला की ओग्न्येन सांगेल. यास्नाला, म्हणजे मला, नोवी साद शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्सची नोकरी मिळालीये, सोमवारी रुजू व्हायचंय, आम्ही तिघं चाललो. वाक्य इतकंच. ते उच्चारायला माझ्या नवऱ्याने तीन महिने लावले आणि शेवटी मुहूर्त काढला तो आजचा. चारचौघांत आई रडणार नाही, असं त्याचं म्हणणं. छत्तीस वर्षं तिच्या हातचं जेवून हा माणूस आपल्या आईला एवढंच ओळखतो.

सासूबाई, म्हणजे देसांका, वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. वाईट असत्या तर मी केव्हाच निघाले असते. त्या माझे मोजेसुद्धा इस्त्री करतात. रेल्या खोकला की माझ्याआधी पाळण्याशी उभ्या असतात. मी कपडे वाळत घातले की मागून येऊन ते पुन्हा नीट घालतात आणि वर म्हणतात, दमली असशील गं. प्रेमाने जीव गुदमरतो हे सांगायचं कुणाला? माझ्या आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, सुख दुखतंय तुला.

त्याच आईचं ऑपरेशन झालं म्हणून पंधरवडाभर मी पोराला घेऊन माहेरी होते. काल संध्याकाळी परतले, तर वरच्या जिन्याच्या दाराला कुलूप. सासूबाई म्हणाल्या, किल्ली कुठे पडली देव जाणे. मीही विचारात पडले नाही. वर होतंच काय? आमच्या गावात प्रत्येक घराला असा एक मजला असतो, लाल विटांचा, बिनखिडक्यांचा, मुलगा सुनेला घेऊन राहील म्हणून बापाने चढवून ठेवलेला. बहुतेक मजल्यांवर अक्रोड वाळत असतात आणि मुलं व्हिएन्नात असतात.

दुपारी कूम आला आणि सगळे उठून उभे राहिले. रादिशा आमच्या लग्नात साक्षीला उभा होता, रेल्याला चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर घेतलं, त्याचा आजाही ओग्न्येनच्या आजाचा कूमच. हे नातं घराण्यांचं असतं, तोडता येत नाही; एकमेकांना कूम म्हणायचं, बाईला कुमा. वर देव, खाली कूम, असं आमच्याकडे म्हणतात. वर्षाच्या पोराचे पहिले केस त्यानेच कापायचे. रादिशा धंद्याने फरशी बसवणारा. हात पोळपाटाएवढे, आणि त्या हातांत आज चिमुकली नवी कात्री.

जेवणं सुरू झाली. सासरे तिहोमिर एरवी दिवसाला चार शब्द बोलतात, पण राकियाच्या, आमच्या घरगुती दारूच्या, दुसऱ्या ग्लासानंतर त्यांना आपल्या आजोबांची गोष्ट आठवते, आणि ती आम्ही दर सणाला ऐकतो. कुरणावरून आजोबांचा आणि त्यांच्या कूमाचा खटला चाललेला. निकालाच्या आदल्या दिवशी कूम दारात आला आणि त्याने आण घातली: देवाची आणि संत योवानाची आण, कूम, खटला सोड. आजोबांनी सोडला. कुरण गेलं ते गेलंच. अशी आण घातली की नाही म्हणता येत नाही, म्हणून ती आयुष्यात एखाद्या वेळीच घालायची. सासऱ्यांनी ग्लास खाली ठेवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ओग्न्येनकडे पाहत होते आणि तो सॅलडकडे.

मग सासूबाईंनी ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली. केस खाली नाही, वर कापायचे, म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता.

वर अक्रोड नव्हते. खिडक्या होत्या, बाहेरून प्लास्टिकने झाकलेल्या, म्हणून अंगणातून कळलं नव्हतं; पडदे होते, स्वयंपाकघराचा ओटा होता, रेल्याच्या खोलीत त्याचा पलंगही होता. आणि सगळीकडे फिकट हिरवी फरशी. हा रंग मी एकदा शहरातल्या दुकानात ओग्न्येनला दाखवला होता, फक्त त्याला. लोक टाळ्या वाजवत होते. सासरे डोळे पुसत होते. रादिशाने सांगितलं, फरशी माझ्याकडून, रेल्याच्या पहिल्या केसांची भेट, पंधरवडा गुडघ्यांवर होतो. माझ्या गळ्यात इतक्या जणी पडल्या की मला श्वास घेता येईना. मी हसत होते. दुसरं काय करणार होते?

फक्त रेल्याच्या खोलीच्या उंबऱ्यात एका फरशीची जागा रिकामी होती.

सासूबाईंनी ती कौतुकाने दाखवली. रेल्याची बट इथे ठेवायची आणि वर फरशी बसवायची. पोर जगात कुठेही गेलं तरी इथेच परत येतं. ‘ओग्न्येनची बट माझ्या सासूने खालच्या उंबऱ्यात पुरली होती,’ त्या म्हणाल्या. ‘बघा, गेला का कुठे?’

सगळे हसले. ओग्न्येनही हसला. मी नर्स आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी त्या खळग्याकडे पाहून मी रेल्याला उचलून कडेवर घेतलं.

मी नवऱ्याला खिडकीशी ओढलं. ‘सांग आता.’

‘आत्ता? बाबांकडे बघ तरी.’

‘तुला माहीत होतं.’

‘फरशा मीच वर चढवल्या,’ तो पुटपुटला. ‘वाटलं, तू बघशील, आणि...’

मला सगळं कळलं. तीन महिने तो योग्य वेळ शोधत नव्हता, माझ्याभोवती भिंती पुऱ्या व्हायची वाट पाहत होता. आणि त्या भिंती इतक्या मायेने बांधलेल्या की लाथ मारणारी मीच कृतघ्न ठरणार.

रादिशाने खुर्ची मांडली. मी रेल्याला मांडीवर घेऊन बसले. तो कात्रीकडे हात करत होता. रादिशाने त्याच्या कपाळावरची बट बोटांत धरली, आणि माझ्या तोंडून आवाज फुटला.

‘देवाची आणि संत योवानाची आण घालते, कूम.’

रादिशाने बट सोडली. ‘कुमा, विचार करून बोल. ही आण मागे घेता येत नाही. मलाही नाही आणि तुलाही नाही.’

‘विचार झालाय.’

‘मग माग.’

‘सोमवारी पहाटे तुमच्या गाडीतून मला आणि रेल्याला नोवी सादला सोडा. तिथे मला नोकरी लागलीये. आणि ही बट जमिनीत नको, माझ्या हातात द्या.’

सासूबाई नव्या पलंगाच्या कडेला बसल्या. ‘मी काय कमी केलं गं तुला?’

‘काहीच नाही, आई. तुम्ही काहीच कमी केलं नाहीत.’ मला रडू आलं आणि रागही आला, कारण ते अगदी खरं होतं.

रादिशाने एकदा आपल्या फरशीकडे पाहिलं. मग त्याने बट कापली, कागदी रुमालात गुंडाळली आणि माझ्या मुठीत दिली. कुणी अडखळून पडू नये म्हणून उरलेली फरशी त्याने खळग्यात ठेवली, पण सिमेंट न लावता, नुसतीच. ‘गाडीत पुढे तुम्हां तिघांची जागा आहे,’ तो ओग्न्येनकडे न बघता म्हणाला.

‘मी पुढच्या महिन्यात येतो,’ ओग्न्येन म्हणाला. त्याचे महिने मला ठाऊक आहेत.

खाली केक कापला गेला. मेणबत्ती मीच विझवली, कारण रेल्या ती खायला निघाला होता. पाहुणे भराभर खाऊन उठले. आता गावभर सांगायला भरपूर होतं. सासूबाईंनी नेहमीसारखा सगळ्यात मोठा तुकडा मला वाढला. मग उठून भाजलेलं मांस, सारमा, पाव डब्यांत भरायला लागल्या, हुंदके देत, झाकणं घट्ट दाबून लावत.

‘तिथे गेल्या गेल्या स्वयंपाक कुठे करशील,’ म्हणाल्या. ‘आणि रेल्याला पायमोजे घाल, नदीकाठचा गारठा वाईट.’

त्या क्षणी, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, मला या घरातून जावंसं वाटेना. मी दाराकडे पाहिलं. रादिशा कोट चढवत होता. माझी नजर त्याला कळली असावी.

‘सोमवारी पहाटे,’ तो म्हणाला, आणि मान हलवून निघून गेला.